रोपांवरचा दिवा घेण्याआधी ऊन मोजा

लिंबागणेश, मांजरसुंबा, पाटोदा या पट्ट्यातले वाचक हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: घरातल्या किंवा शेडमधल्या रोपांसाठी ग्रो लाइट कोणता घ्यावा? कुणाला खोलीत मिरचीची रोपं करायची असतात, कुणी केशराचा व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला ड्रॅगन फ्रूटवर रात्री बल्ब लावायचे असतात. गांजाच्या रोपाबद्दलही अधूनमधून विचारणा होते. त्याचं उत्तर खाली वेगळं आणि सरळ दिलं आहे.

प्रश्न एकसारखा दिसला तरी प्रत्येकाची गरज निराळी असते. चूक होते ती इथेच. जाहिरात एक, दिवा एक आणि गरजा चार. बालाघाटच्या माळावर राहणाऱ्या माणसाने आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्वच्छ दिवशी दुपारी आपल्या अंगणात साधारण एक लाख लक्स इतका उजेड पडतो, आणि तोही फुकट. युरोपातल्या हिवाळ्यात घरात रोपं वाढवणाऱ्याची अडचण आपली नाही. आपल्याला दिवा लागतो तो फक्त ऊन पोचूच शकत नाही अशा जागी, किंवा रात्र मोडायची असते तेव्हा.

आधी ठरवा: दिवा कशासाठी?

- उन्हाऐवजी. खोलीत, तळघरात, बंद शेडमध्ये रोपं वाढवायची आहेत. इथे दिव्याच्याच उजेडावर पान अन्न तयार करणार, म्हणून उजेड भरपूर लागतो आणि वीजही भरपूर जाते.
- दिवस लांबवण्यासाठी. ड्रॅगन फ्रूट, शेवंती अशी पिकं रात्र किती लांब आहे हे ओळखून फुलायचं की नाही ते ठरवतात. इथे रोप उन्हातच वाढतं आणि रात्री थोडासा उजेड पुरतो. महागडा ग्रो लाइट नको, साधा एलईडी बल्ब चालतो.
- माणसाला दिसण्यासाठी. अळिंबीची खोली, चाऱ्याचे ट्रे. इथे ग्रो लाइटवर पैसे घालूच नका.

तुमची गरज यातली कोणती ते कागदावर लिहा आणि मगच दुकानदाराशी बोला. नाहीतर तो त्याच्याकडे शिल्लक असलेला दिवा तुमच्या गळ्यात मारेल.

खिडकीतली रोपं लांबट का होतात?

सगळ्यात जास्त तक्रार ही: ‘प्रोट्रेमधली मिरची उगवली छान, पण आठ दिवसांत दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडली.’ रोपाला उजेड कमी पडला की ते त्याच्या शोधात उंच पळतं आणि खोड बारीक राहतं. माणसाच्या डोळ्याला खिडकीजवळ लख्ख वाटतं, पण तिथे मोजून पाहिलं तर एक-दोन हजार लक्ससुद्धा भरत नाहीत. डोळा जुळवून घेतो, पान घेत नाही.

अशा वेळी नव्वद टक्के घरांत दिव्याची गरजच नसते. कोंब वर दिसल्याच्या दिवशी ट्रे बाहेर शेडनेटखाली न्या. उगवेपर्यंत ट्रे झाकून अंधारात ठेवतात, पण ते झाकण एक दिवस जरी उशिरा काढलं तरी रोप लांबतं. गावातल्या बऱ्याच रोपांचं नुकसान दिव्याच्या अभावाने नाही, या एका दिवसाच्या दिरंगाईने होतं.

उजेड मोजायचा कसा?

वनस्पतीला लागणारा उजेड शास्त्रज्ञ मायक्रोमोलमध्ये मोजतात. ते मीटर महाग असतं आणि तुम्हाला विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या मोबाइलवर लक्स मोजणारं फुकट ॲप मिळतं. फोनचा सेन्सर पुढच्या बाजूला, कानाला लावायच्या जागेजवळ असतो. पडदा वर करून फोन पानांच्या उंचीवर आडवा ठेवा आणि आकडा वाचा. फोनचा आकडा अगदी काटेकोर नसतो, पण ‘पुरेसा की अपुरा’ हे ठरवायला चालतो. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की साधारण मायक्रोमोल येतात. जांभळ्या दिव्याला हा हिशोब लागू होत नाही.

पांढऱ्या एलईडीखाली रोज १४ तास धरून हे आकडे जवळ ठेवा:

- मनी प्लँटसारखी सावलीतली शोभेची रोपं: दीड ते तीन हजार लक्स
- मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं: १० ते १५ हजार
- कोथिंबीर, मेथी, लेट्यूस काढणीपर्यंत: १६ ते २० हजार
- फळं धरणारी झाडं: २५ हजारांच्या पुढे

शेवटच्या ओळीसमोर थांबा. घरात दिव्याखाली टोमॅटोची फळं काढणं शक्य आहे, परवडणारं नाही. बीडच्या बाजारातल्या टोमॅटोच्या भावाशी त्या विजेचा ताळा कधीच बसणार नाही.

मोजताना ट्रेच्या मध्यभागी एकदा आणि चारही कोपऱ्यांत एकेकदा मोजा. विक्रेते मध्यभागाचा आकडा सांगतात, पण कोपऱ्यात अनेकदा निम्माच उजेड असतो. रॅकच्या बाजूंना चुना दिलेला पत्रा किंवा पांढरं थर्माकोल उभं केलं की कोपरे सुधारतात. एका दिव्याच्या किमतीपेक्षा हा खर्च फार कमी आहे.

डब्यावरचे वॅट आणि खरे वॅट

ग्रो लाइटच्या डब्यावर ‘१००० वॅट’ असं ठळक छापलेलं असतं. मी घेतलेल्या पहिल्या दिव्यावरही होतं. घरच्या मीटरवर तपासलं तेव्हा तो शंभर वॅटच्या आसपास वीज घेत होता. ‘अमुक वॅटच्या जुन्या दिव्याइतका’ असा त्या मोठ्या आकड्याचा अर्थ बारीक अक्षरांत दिलेला होता. वीज कमी घेतो म्हणजे बचत, असं समजू नका. शंभर वॅटच्या विजेतून शंभर वॅटचाच उजेड निघतो.

खरे वॅट तपासायला तुमचा घरचा मीटर पुरतो:

1. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त ग्रो लाइट चालू ठेवा.
2. मीटरवर एका युनिटला किती ठोके ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००.
3. लाल दिव्याची लुकलुक पाच मिनिटं मोजा.
4. आलेल्या आकड्याला १२ ने गुणा, ३२०० ने भागा, मग १००० ने गुणा. २७ वेळा लुकलुकलं तर उत्तर १०१ वॅट.

खरेदी करताना ‘प्रत्यक्ष वीजवापर किती?’ आणि ‘एका वॅटमागे किती मायक्रोमोल?’ हे दोनच प्रश्न विचारा. चांगल्या दर्जाचे एलईडी ग्रो लाइट वॅटमागे २.५ किंवा त्याहून जास्त देतात. साध्या घरगुती एलईडी ट्यूबमधून साधारण १.४ मिळतात. विक्रेत्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर त्या दिव्यासाठी ट्यूबपेक्षा जास्त पैसे मोजायचं कारण उरत नाही.

‘वेज’ आणि ‘ब्लूम’ अशी दोन बटणं असलेले दिवेही येतात. परदेशात घरात गांजा वाढवणाऱ्यांसाठी तयार केलेल्या मालाची ही भाषा आहे. मिरचीच्या रोपाला त्या बटणांचा उपयोग नाही.

पांढरा की जांभळा?

पांढरा घ्या. लाल-निळ्या डायोडच्या जांभळ्या दिव्याखाली रोपं वाढतात, त्यात खोटं काही नाही. पण त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही. पिवळेपणा, करप्याचा पहिला ठिपका, फुलकिड्यांनी मुरडलेला शेंडा हे सगळं लपून राहतं आणि कळेपर्यंत रोग ट्रेभर पसरलेला असतो. शिवाय ज्या खोलीत मुलं अभ्यास करतात तिथे तो उजेड डोळ्यांना त्रास देतो. चार हजार ते साडेसहा हजार केल्विनची पांढरी ट्यूब रोपवाटिकेला उत्तम चालते.

एका रॅकचा पूर्ण हिशोब

चार फूट लांब, दोन फूट रुंद फळीवर ९८ कप्प्यांचे चार प्रोट्रे बसतात, म्हणजे ३९२ रोपं. त्यांना दहा-अकरा हजार लक्स द्यायला २० वॅटच्या पाच ट्यूब पुरतात. ट्यूब पानांपासून वीतभर उंचीवर टांगा आणि रोपं वाढतील तशा साखळीने वर घ्या.

शंभर वॅट रोज १४ तास म्हणजे दिवसाला १.४ युनिट. पंचवीस दिवसांत ३५ युनिट. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये पकडले तर ३५० रुपये, म्हणजे एका रोपामागे जवळपास ९० पैसे फक्त विजेचे. त्यावर बी, कोकोपीट, ट्रे आणि ट्यूबची झीज. हा आकडा नर्सरीतल्या रोपाच्या भावाशेजारी ठेवून पाहा.

आता पुढचं गणित. पाच फूट बाय सव्वा फुटावर मिरची लावली तर एकराला जवळपास सात हजार रोपं लागतात. म्हणजे असे अठरा रॅक. एका एकराच्या रोपांसाठी कुणी अठरा रॅक आणि नव्वद ट्यूब लावू नयेत. त्याच पैशात चांगली शेडनेटची रोपवाटिका उभी राहते. रॅक शोभतो परसबागेला, थोड्या महाग संकरित बियाण्याला, किंवा जुलै-ऑगस्टच्या सलग ढगाळ दिवसांत रोपं तगवायला.

वीज कोणत्या जोडावरून घ्याल?

घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि १०१ ते ३०० चा बराच जास्त असतो. तुमचा महिन्याचा वापर आधीच नव्वदीत असेल तर रॅकची बहुतेक युनिटं वरच्या दराने पडतील. म्हणून आधी गेल्या सहा महिन्यांची बिलं काढून पाहा.

कृषिपंपाच्या जोडावरून शेडमधले दिवे चालवायचा मोह होतो. तो टाळा. मंजूर कारणाव्यतिरिक्त वीज वापरली तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. आकडा टाकला तर कलम १३५ खाली तो चोरीचा गुन्हा ठरतो. हरितगृह, रोपवाटिका, अळिंबी उत्पादन, फुलशेती यांसाठी महावितरणकडे ‘शेती – इतर’ हा वेगळा वर्ग आहे. विक्रीसाठी रोपं करणार असाल तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून तोच जोड मागा आणि अर्जाची पोच घ्या. चौकशीला आणि तक्रारीला १९१२ हा क्रमांक आहे.

वीज जाण्याची भीती बाळगू नका. दोन तास दिवा बंद राहिला म्हणून रोप मरत नाही. भीती आहे ती वीज परत येताना उसळणाऱ्या दाबाची, कारण एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) त्यानेच जळतो. सर्ज प्रोटेक्टर लावाच.

टायमर घेताना एक बारकावा पाहा. काटा फिरणारा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. चार दिवसांत त्याची वेळ काही तासांनी सरकते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. दिवाळीनंतर घरातली कर्ती माणसं ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी माणसं उरतात, अशा घरांत तर बटणाची जबाबदारी कुणावर ठेवूच नये.

उष्णता, ओल आणि अर्थिंग

एलईडी गार असतो हे अर्धसत्य आहे. दिव्याने घेतलेली सगळी वीज शेवटी त्या खोलीत उष्णता म्हणूनच उरते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चाळिशी ओलांडलेली असताना त्यात दिव्यांची भर घालू नका. खोली पूर्ण बंद असेल तर रोपांचा ‘दिवस’ संध्याकाळी सहा ते सकाळी आठ असा ठेवा. रोपाला घड्याळ कळत नाही, उजेडाचे तास कळतात.

पाणी आणि वीज एकाच फळीवर असतात, तेव्हा यात काटकसर नको:

- ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी लावा. साधा एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही.
- अर्थिंग खरोखर चालू आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग निकामी होतं.
- ड्रायव्हर आणि जोड ट्रेच्या वर किंवा बाजूला ठेवा, खाली कधीच नको.
- झारीने पाणी घालताना मेन बटण बंद करा.
- तुषार किंवा फॉगर असेल तर आयपी ६५ दर्जाचाच दिवा घ्या.

ड्रॅगन फ्रूट आणि शेवंती

ड्रॅगन फ्रूटला लहान रात्रीत फुलं येतात, म्हणून आपल्याकडे त्याचा हंगाम पावसाळ्याभोवती असतो. रात्रीच्या मध्यात काही तास उजेड दिला की झाडाला रात्र लहान वाटते. व्हिएतनाममध्ये शेतकरी फार वर्षांपासून बिगरहंगामी फळ असंच काढतात. रात्री दहा ते दोन असे चार तास, दोन-तीन आठवडे, ओळीत साध्या पांढऱ्या किंवा पिवळसर एलईडी बल्बची माळ, अशी ढोबळ पद्धत आहे. कडाक्याच्या थंडीत बल्ब लावूनही कळ्या धड सुटत नाहीत, म्हणून थंडी ओसरल्यावर सुरुवात केलेली बरी. पहिल्या वर्षी पूर्ण बागेत लावू नका. दोन ओळी घ्या, शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवा आणि फळांचं वजन दोन्हीकडे नोंदवा. हंगामाबाहेर फळ घेतलं की झाडाची ताकद खर्च होते, तेव्हा खतपाण्याचा हिशोबही त्याच वहीत येऊ द्या.

शेवंतीचं उलट आहे. तिला मोठ्या रात्रीत फुलं येतात. रात्रीच्या उजेडाने ती फुलायची थांबते आणि फांदी लांब वाढते. फूल लांबवायचं असेल तरच दिवा लावा. शेताच्या बांधावर रस्त्याचा प्रखर दिवा असेल तर त्या बाजूची शेवंती उशिरा का फुलते, याचं उत्तरही यातच आहे.

गेवराई तालुक्यातल्या खामगावचं किंवा अंबाजोगाई तालुक्यातल्या दिघोळअंबाचं कृषी विज्ञान केंद्र गाठून तुमच्या जातीबद्दल विचारा. सल्ल्याला पैसे लागत नाहीत.

जिथे ग्रो लाइट लागतच नाही

दुष्काळात ट्रेमधल्या हिरव्या चाऱ्याची यंत्रणा विकायला माणसं येतात आणि तिच्यासोबत दिव्यांचा संच लावतात. मका सात-आठ दिवसांत वाढतो तो दाण्यात साठलेल्या अन्नावर. हिरवा रंग यायला खोलीतला साधा उजेड पुरतो. त्या बिलातली दिव्यांची ओळ काढायला सांगा. धिंगरी अळिंबीलाही कोंब धरताना थोडा दिवसाचा किंवा साध्या ट्यूबचा उजेड पुरे होतो.

केशराबद्दल जास्त सावध राहा. व्हिडिओत खोलीतल्या ट्रेवर जांभळी फुलं उमललेली दिसतात. ती कंदात आधीच साठलेल्या अन्नावर उमलतात आणि त्यासाठी उजेड फारसा लागत नाही. खरी परीक्षा त्यानंतर असते. पुढच्या वर्षीचे कंद तयार व्हायला पानांना महिनोन्महिने भरपूर उजेड आणि थंडावा लागतो. ते जमलं नाही तर दर वर्षी महाग कंद विकत घ्यावे लागतात. प्रशिक्षणाची फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे तिसऱ्या वर्षाचे स्वतः तयार केलेले कंद आहेत का? असतील तर प्रत्यक्ष पाहायला जा.

गांजाच्या रोपाबद्दल

त्यासाठी दिवा सुचवता येणार नाही. एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ८ ने गांजाचं झाड लावायला मनाई आहे आणि कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ‘कुंडीत एकच आहे’, ‘घरच्या औषधापुरतं आहे’ याने गुन्हा टळत नाही. बाळगलेल्या मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षा बदलते, पण लागवडीला तशी सूट नाही. आयुर्वेदिक दुकानात परवान्याखाली विजयायुक्त (भांग असलेलं) औषध मिळतं, म्हणून ते झाड घरी लावायची मुभा मिळत नाही.

तुम्ही स्वतः लावत नसलात तरी दोन गोष्टी माहीत हव्यात. जमीन बटाईने दिली असेल आणि तिथे असं झाड दिसलं, तर कलम ४६ प्रमाणे पोलिसांना लगेच कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे. माहीत असून गप्प राहणं हाच गुन्हा ठरतो. खोली किंवा शेड भाड्याने देऊन आत काय चाललंय हे माहीत असताना चालू दिलं, तर कलम २५ मालकालाही लागू होतं.

कुणी ‘औद्योगिक भांगेची करारशेती, हमीभाव, दिवे आमचे’ असं सांगत आलं तर त्याच्याकडे महाराष्ट्र शासनाने तुमच्या गट नंबरसाठी दिलेला परवाना मागा. उत्तराखंडाने दिलेला परवाना त्या राज्यातल्या लागवडीपुरता असतो, तो दाखवून बीड जिल्ह्यात बी पेरता येत नाही.

बिल, वॉरंटी आणि तक्रार

दिवा पसंत पडला की पैसे देण्याआधी एवढं पाहा:

- बल्बवर किंवा ड्रायव्हरवर बीआयएसची नोंदणीखूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कुणाची नोंदणी आहे ते दिसतं.
- डब्यावर उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता, उत्पादनाचा देश, कमाल किंमत.
- पक्कं बिल. त्यावर ‘एलईडी लाइट’ एवढंच नको. मॉडेल आणि प्रत्यक्ष वॅट लिहून घ्या.
- वॉरंटी दिव्याची आहे की ड्रायव्हरचीही. आधी जातो तो ड्रायव्हरच.

ऑनलाइन मागवलात तर डबा फोडण्यापासून दिवा लागेपर्यंतचं चित्रीकरण सलग करा आणि जाहिरातीच्या पानाचा फोटो त्याच दिवशी ठेवा, कारण पुढे ते पान बदलतं. ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायला हवं. नाही दिलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तरीही काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी लिंबागणेशच्या ग्राहकाची तक्रार बीडच्या जिल्हा आयोगात चालते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या भरता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील सक्तीचा नाही.

दिवा घरी आल्यावर पहिल्या सात दिवसांत वर सांगितलेली मीटरची लुकलुक आणि पाच जागांचे लक्स मोजून तारखेसह लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी माल परत करायची मुदत एवढीच असते, आणि ‘१०००’ लिहून १०० देणाऱ्याविरुद्ध तुमच्याकडे दाखवायला तोच कागद असतो.